‘सिएंप्रे’ वापरायला शिकताना

स्पॅनिशच्या सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकांत वारंवारता दाखवणाऱ्या क्रियाविशेषणांचा एक तक्ता हमखास असतो. वरच्या टोकाला ‘सिएंप्रे’ म्हणजे नेहमी आणि त्याच्यासमोर 100 टक्के. खालच्या टोकाला ‘नुंका’ म्हणजे कधीच नाही आणि त्याच्यासमोर शून्य. मधल्या पायऱ्यांवर ‘कासी सिएंप्रे’ (जवळजवळ नेहमी), ‘आ मेनुदो’ (बरेचदा), ‘आ बेसेस’ (कधीकधी) आणि ‘कासी नुंका’ (क्वचितच). पुण्यातल्या संध्याकाळच्या वर्गात आम्ही हा तक्ता वहीत उतरवून घेतला, तेव्हा क्रियापदांच्या रूपांनी मेटाकुटीला आलेल्या सगळ्या वर्गाला तो धडा म्हणजे विसावा वाटला होता. हा शब्द लिंग, वचन, पुरुष किंवा काळ यांपैकी कशानेच बदलत नाही. लॅटिनमधल्या ‘सेंपेर’पासून तो आला आहे आणि त्याचा उच्चारही मराठी जिभेला जड जात नाही, कारण ‘चंपा’मध्ये अनुस्वाराचा जसा आपोआप ‘म’ होतो तसाच तो इथेही होतो आणि ‘प’ अगदी आपला ‘प’च असतो. मी तेव्हा वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करत होते आणि मेक्सिकोतल्या केरेतारो शहराजवळच्या कारखान्यात माझी बदली होण्याची चिन्हे होती, म्हणून हा सगळा खटाटोप चालला होता. त्या तक्त्यातले इतर शब्द मला पुढे फारसे नडले नाहीत. ‘सिएंप्रे’ मात्र आजही नव्या माणसाच्या तोंडून ऐकला की मी कान टवकारते.

वर्गात पहिला प्रश्न आला तो जागेचा. स्पॅनिशमध्ये ‘सिएंप्रे देसायुनो आ लास सिएते’ म्हणा किंवा ‘देसायुनो सिएंप्रे आ लास सिएते’ म्हणा, अर्थ ‘मी नेहमी सात वाजता न्याहारी करते’ असाच राहतो. दुसऱ्या वाक्यात भर थोडा ‘सात’वर सरकतो, इतकेच. ही मोकळीक पाहून मराठी माणूस निश्चिंत होतो, कारण आपल्याकडेही ‘नेहमी’ हा शब्द वाक्यात बराचसा सैरभैर फिरू शकतो. परंतु स्पॅनिश क्रियापदाच्या आधी येणारी ‘मे’, ‘ते’, ‘से’ ही छोटी सर्वनामे क्रियापदाला इतकी चिकटलेली असतात की त्यांच्यामध्ये काहीही घुसवता येत नाही. ‘सिएंप्रे मे लेबांतो तेंप्रानो’ (मी नेहमी लवकर उठते) हे चालते, ‘मे लेबांतो सिएंप्रे तेंप्रानो’ हेही चालते, पण ‘मे सिएंप्रे लेबांतो’ असे कोणी म्हणत नाही. पूर्ण वर्तमानकाळातही तेच. ‘सिएंप्रे ए बिबिदो एन पुने’ किंवा ‘ए बिबिदो सिएंप्रे एन पुने’ म्हणजे ‘मी कायम पुण्यातच राहत आले आहे’. सहायक क्रियापद ‘ए’ आणि धातुसाधित ‘बिबिदो’ यांच्यामध्ये ‘सिएंप्रे’ला थारा नाही. आमच्या वर्गात ज्यांचे फ्रेंच आधीच झालेले होते त्यांना हे पचायला वेळ लागला, कारण फ्रेंचमध्ये ‘नेहमी’ नेमका याच फटीत बसतो. मराठीच्या बाजूनेही एक ओढ असते. आपण ‘येतच नाही’, ‘केलेही आहे’, ‘गेले तर होते’ असे ‘च’, ‘ही’, ‘तर’ क्रियापदांच्या जोडीमध्ये सहज खोवतो, त्यामुळे जोडीच्या मध्ये काही आले तर आपल्या कानाला ते खटकत नाही.

हा नियम दोन-तीन आठवड्यांच्या सरावाने अंगवळणी पडतो. खरी मेख नकारात आहे, आणि तिचे मूळ स्पॅनिशपेक्षा मराठीत अधिक आहे. ‘तो नेहमी वेळेवर येत नाही’ हे वाक्य घ्या. कधी येतो, कधी येत नाही, असा त्याचा अर्थ होऊ शकतो; आणि आला दिवस उशीरच करतो, असाही होऊ शकतो. बोलताना आपण स्वराने, हाताने, नाहीतर ‘नेहमीच येतो असं नाही’ असे वाक्य लांबवून तो घोळ निस्तरतो. स्पॅनिशमध्ये हे दोन अर्थ एका वाक्यात मावतच नाहीत. पहिल्या अर्थासाठी ‘नो’ हा ‘सिएंप्रे’च्या आधी यावा लागतो: ‘नो सिएंप्रे येगा आ तिएंपो’. दुसऱ्यासाठी ‘सिएंप्रे’ टाकून ‘नुंका’ घ्यावा लागतो: ‘नुंका येगा आ तिएंपो’. किंवा नकार काढून टाकून ‘सिएंप्रे येगा तार्दे’, म्हणजे नेहमी उशिरा येतो, असे सरळ म्हणावे लागते. शिकवणाऱ्या मॅडमनी आम्हाला एक सवय लावली होती. मराठीत ‘नेहमी... नाही’ असे वाक्य सुचले की पेन उचलून आधी स्वतःला विचारायचे: काही वेळा की एकदाही नाही? उत्तर मिळेपर्यंत लिहायचे नाही. या प्रश्नामुळे माझे स्पॅनिश सुधारले आणि त्याहून जास्त माझी मराठी ईमेले सुधारली, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पुरवठादाराला ‘तुमचा माल नेहमी तपासून येत नाही’ असे लिहिताना आता मी थांबते.

मग ‘सिएंप्रे नो’ असे उलट क्रमाने लिहिले तर काय होते, हा प्रश्न वर्गात कोणीतरी विचारलाच. पुस्तक स्पेनमध्ये छापलेले होते, त्यामुळे पुस्तकापुरते उत्तर ‘असे सहसा म्हणत नाहीत’ इतकेच होते. त्या उत्तराचा पुढचा भाग मला केरेतारोमध्ये मिळाला.

केरेतारो हे मेक्सिकोच्या मध्यभागातल्या बाखिओ नावाच्या सखल पठारी पट्ट्यात येते. या पट्ट्यात मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने ओळीने उभे आहेत, आणि त्यांत भारतीय कंपन्याही आहेत. मेक्सिकोने 2022मध्ये देशाच्या बहुतांश भागात घड्याळे पुढे-मागे करण्याची पद्धत बंद केल्यापासून इथल्या आणि पुण्याच्या वेळेत वर्षभर साडेअकरा तासांचे अंतर असते, म्हणजे इकडची सकाळची बैठक तिकडे रात्रीच्या जेवणानंतरची. कारखान्यात प्रत्येक अभियंत्याला, मग तो पुरुष असो वा बाई, ‘इन्खे’ अशी हाक मारतात. ‘इन्खेनिएरो’ आणि ‘इन्खेनिएरा’ या दोन्हींचे ते लाडके आखूड रूप आहे. आपल्याकडे ‘साहेब’ जितक्या सैलपणे वापरतात तितक्याच सैलपणे ते वापरले जाते. एका दुपारी ओतकामाचे सुटे भाग घेऊन येणाऱ्या ट्रकची आम्ही वाट पाहत होतो. येणार की नाही याची सकाळपासून चर्चा चालली होती, कारण वाटेतल्या महामार्गावर खोळंबा होता. आल्मासेनच्या, म्हणजे स्टोअरच्या, प्रमुख बाईंचा फोनवर संदेश आला: ‘इन्खे, सिएंप्रे नो येगा एल त्रायलेर ओय. मान्याना तेंप्रानो.’

ट्रक, आज, उद्या सकाळी लवकर, हे तुकडे तर स्वच्छ होते. पण ‘नेहमी नाही येत आज’ याचा वर्गात शिकलेल्या कोणत्याच अर्थाशी मेळ बसेना. मी संदेश घेऊन सरळ त्यांच्या टेबलापाशी गेले आणि विचारले. त्यांना प्रश्नाचेच नवल वाटले. मग त्यांनी टेबलावरचे बिलांचे गठ्ठे बाजूला सारून मला समजावले, त्याचा मथितार्थ असा: एखादी गोष्ट ठरलेली असते किंवा दोलायमान असते, मग शेवटी तिचा निकाल लागतो, तो निकाल सांगताना ‘सिएंप्रे सी’ किंवा ‘सिएंप्रे नो’ म्हणायचे. ट्रक येणार होता, मग येईल की नाही असे झाले, आणि आता नक्की झाले की येत नाही, म्हणून ‘सिएंप्रे नो येगा’. याचे मराठी सरळ आहे: ‘ट्रक शेवटी आज येत नाहीये.’ शनिवारी कोणाकडे तरी जेवणाचा बेत होता, त्याचेच उदाहरण त्यांनी पुढे केले. ‘¿सिएंप्रे सी बास आ बेनिर एल साबादो?’ म्हणजे ‘मग शनिवारी नक्की येते आहेस ना?’ आणि जायचेच असेल तर उत्तर दोनच शब्दांत: ‘सिएंप्रे सी.’

त्या दिवसापासून मी या वापराच्या मागेच लागले. तो ऐकायला मिळतो इतका, की एकदा कान उघडले की बंद करता येत नाहीत. लग्न मोडता मोडता पार पडले तर ‘सिएंप्रे सी से कासारोन’. चहाच्या सुट्टीत कुठे जायचे यावर वाद चालला असेल तर कोणीतरी वैतागून विचारतो, ‘¿सिएंप्रे के? ¿बामोस ओ नो?’, म्हणजे ‘मग शेवटी काय ठरलं? जायचं की नाही?’ या सगळ्यांत वारंवारतेचा लवलेशही नाही. उलट, या अर्थाने ‘सिएंप्रे’ यायला घटना एकदाच घडणारी असावी लागते, आणि तिच्याविषयी आधी काही बोलणे झालेले असावे लागते. कोणताही बेत, कोणतीही शंका आधी नसताना मी अचानक ‘सिएंप्रे नो बोय’ म्हटले तर समोरचा विचारेल, ‘कुठे?’

माझ्यासाठी उपयोगी ठरलेली कसोटी इथूनच निघाली. वाक्यातली क्रिया सवयीची असेल तर ‘सिएंप्रे’ म्हणजे नेहमी. ‘सिएंप्रे कोमो आकी’, मी नेहमी इथे जेवते. क्रिया एकदाच होणारी असेल, विशेषतः सोबत ‘आज’, ‘शनिवारी’, ‘उद्या’ असा ठराविक दिवस असेल, तर ‘सिएंप्रे’ म्हणजे शेवटी. ‘सी’ किंवा ‘नो’ लागूनच आला असेल तर शंकेला जागाच उरत नाही. ही कसोटी नव्वद टक्के वेळा तारते असे म्हणण्याचा मोह होतो, पण तसे टक्के मी मोजलेले नाहीत आणि त्या तक्त्यानंतर टक्क्यांवर माझा विश्वासही उरलेला नाही. ‘¿सिएंप्रे बास आ इर?’ अशा प्रश्नात मात्र ‘सी’ही नसतो आणि दिवसही नसतो, तिथे आधीचे बोलणे आठवणे हाच उपाय. सूर हीदेखील खूण आहे. ‘सिएंप्रे नो’ एका दमात, मध्ये न थांबता म्हटले जाते.

हा वापर अशिष्ट आहे का, असे मी नंतर एका वरिष्ठ सहकाऱ्याला विचारले होते. नाही, पण लेखी अहवालात घालू नका, तिथे ‘फिनाल्मेंते’ किंवा ‘आल फिनाल’ लिहा, असे त्यांनी सांगितले. हा सल्ला मला पटला. बैठकीत कारखान्याचे व्यवस्थापकही ‘सिएंप्रे सी’ म्हणतात; इतिवृत्तात ते लिहिले जात नाही. स्पेनमधला माणूस याच ठिकाणी बोलतानाही ‘आल फिनाल नो’ म्हणतो, त्यामुळे स्पेनमधल्या ग्राहकाला लिहिताना तर हा सल्ला दुप्पट पाळावा लागतो.

ही गोष्ट मी घरी फोनवर सांगितली तेव्हा मडगावची माझी एक मैत्रीण त्या गप्पांत होती. तिच्या आजोबांचे शिक्षण 1961च्या आधी, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज राजवट असताना, पोर्तुगीज माध्यमात झाले होते आणि तिच्या घरी ती भाषा अजून थोडीफार बोलली जाते. ती लगेच म्हणाली, ‘अगं, हे तर आमच्याकडेही आहे.’ पोर्तुगालच्या पोर्तुगीजमध्ये या शब्दाचे सख्खे भावंड क्रियापदाच्या आधी घातले तर ‘मग शेवटी येतोस ना?’ असा अर्थ निघतो, आणि क्रियापदानंतर घातले तर ‘नेहमी येतोस’ असा. म्हणजे तिथे जागेवरून अर्थ ठरतो. मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये जागा अशी निवाडा करत नाही, कारण ‘नेहमी’ अर्थाचा ‘सिएंप्रे’ही सर्रास क्रियापदाच्या आधीच बसतो. पोर्तुगीजची ही शिस्त स्पॅनिशमध्ये असती तर माझे बरेच श्रम वाचले असते.

कामाच्या दृष्टीने माझा सर्वाधिक वेळ गेला तो ‘सिएंप्रे के’ या जोडीवर. गुणवत्ता विभागातल्या सूचनांमध्ये ती पानोपानी असते. ‘सिएंप्रे के कांबिआ एल तुर्नो, से रेबिसा ला प्रिमेरा पिएसा’, म्हणजे ‘जेव्हा जेव्हा पाळी बदलते, तेव्हा पहिला नग तपासला जातो’. इथे ‘कांबिआ’ हे साधे, विधानार्थी रूप आहे आणि वाक्य चालू प्रथेचे वर्णन करते. आता हे पाहा: ‘से आसेप्ता एल लोते सिएंप्रे के एल सेर्तिफिकादो बेंगा फिर्मादो’. इथे ‘येणे’ या क्रियापदाचे ‘बिएने’ हे साधे रूप नसून ‘बेंगा’ हे संकेत-इच्छा दाखवणारे रूप आहे, ज्याला स्पॅनिश व्याकरणात ‘सुबखुंतिबो’ म्हणतात. त्यामुळे अर्थ होतो, ‘प्रमाणपत्र सहीनिशी येईल, या अटीवर लॉट स्वीकारला जातो’. ‘बेंगा’च्या जागी ‘बिएने’ घातले तर वाक्य अट घालत नाही, केवळ ‘सहीचे प्रमाणपत्र येते तेव्हा तेव्हा आम्ही माल घेतो’ अशी हकिकत सांगते. पुरवठादाराबरोबर वाद झाला तर या दोन वाक्यांतला फरक कागदावर फार महाग पडू शकतो, आणि तो सगळा फरक एका क्रियापदाच्या रूपात दडलेला असतो. मराठीत हे दोन अर्थ आपण वेगळ्या शब्दांनीच बांधतो, एकीकडे ‘जेव्हा जेव्हा’ आणि दुसरीकडे ‘या अटीवर’ किंवा ‘तरच’. त्यामुळे क्रियापदाच्या शेवटाकडे बघून जोडशब्दाचा अर्थ ठरवण्याची सवय आपल्या डोळ्यांना नसते. ती मला मुद्दाम लावावी लागली. कारखान्यातल्या जुन्या सूचनापत्रकांच्या प्रती घेऊन मी प्रत्येक ‘सिएंप्रे के’खाली रेघ मारत असे, मग पुढच्या क्रियापदाभोवती वर्तुळ करत असे, आणि समासात ‘प्रथा’ किंवा ‘अट’ असे मराठीत लिहून ठेवत असे.

हे करताना लक्षात आले की नियम इतका सरळ दोन फांद्यांचा नाही. ‘सिएंप्रे के आया फुगा, पारे ला लिनेआ’ अशी सूचना एका यंत्रावर लावलेली होती. ‘आया’ हे सुबखुंतिबो आहे, तरी अर्थ अट असा नाही. ‘जेव्हा केव्हा गळती होईल, तेव्हा लाइन थांबवा’ असा आहे. आज्ञा पुढच्या काळातली असल्यामुळे, अजून न घडलेल्या गळतीसाठी स्पॅनिश हे रूप मागते. म्हणजे साधे रूप दिसले तर अर्थ ‘जेव्हा जेव्हा’ हे पक्के. सुबखुंतिबो दिसले तर मात्र अट आहे की भविष्यातली पुनरावृत्ती आहे, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. ज्याला स्पॅनिश मातृभाषा आहे त्याला यात काही अडत नाही. परंतु तीन भाषांतून फिरणाऱ्या कागदात अशी संदिग्धता ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे मी स्वतः लिहिते तेव्हा पुनरावृत्तीसाठी ‘कादा बेस के’ लिहिते आणि अटीसाठी ‘सिएंप्रे इ क्वांदो’, ज्याच्यानंतर सुबखुंतिबोच येतो आणि ज्याचा अर्थ अटीशिवाय दुसरा होत नाही. दोन शब्द वाढतात, पण मागाहून फोन करावा लागत नाही.

भूतकाळाचा धडा मला कारखान्याच्या फाटकासमोरच्या फोंद्यात मिळाला. फोंदा म्हणजे घरगुती खानावळ. गोव्यातल्या फोंड्याशी तिचा संबंध नाही. दुपारी तिथे ‘कोमिदा कोरिदा’ मिळते, म्हणजे सूप, भात, एखादी रस्साभाजी किंवा मांसाचा पदार्थ, सोबत मक्याच्या तोर्तिया आणि एखादे सरबत, सगळे एका ठरलेल्या दरात. मी मांस खात नाही, म्हणून मालकीणबाई माझ्यासाठी काळे घेवडे आणि निवडुंगाच्या कोवळ्या पानांची, म्हणजे नोपालेसची, भाजी बाजूला काढून ठेवत. काही काळाने मी दारात दिसले की त्या आतूनच विचारू लागल्या, ‘¿लो दे सिएंप्रे, इन्खे?’, म्हणजे ‘नेहमीचंच ना?’ ‘लो दे सिएंप्रे’ हा शब्दसमूह पुस्तकातही होता, पण थाळी समोर येईपर्यंत तो माझ्या तोंडात बसला नव्हता. एकदा दुकान कधी काढले असे मी विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘सिएंप्रे किसे तेनेर मि प्रोपिया फोंदा.’ म्हणजे त्यांना आयुष्यभर स्वतःची खानावळ हवी होती.

आम्हाला वर्गात शिकवलेले होते की ‘सिएंप्रे’ दिसला की भूतकाळ अपूर्ण घ्यायचा, म्हणजे ‘केरिआ’. ती शिकवण बऱ्याच अंशी खरी आहे आणि मराठी माणसाला ती सोपीही जाते, कारण आपले ‘-यचे’ हे रूप तिच्याशी तंतोतंत जुळते: ‘सिएंप्रे इबा आ कासा दे मि आबुएला’ म्हणजे ‘मी नेहमी आजीच्या घरी जायचे’. जिथे जिथे मराठीत ‘जायचे’, ‘करायचे’, ‘म्हणायचे’ सुचते तिथे डोळे झाकून अपूर्ण भूतकाळ घ्यावा. परंतु फोंद्याच्या बाई सवय सांगत नव्हत्या. सुरुवातीपासून आजपर्यंतचा सगळा पट्टा त्या एक अखंड गोष्ट म्हणून एका नजरेत मांडत होत्या, आणि त्यासाठी पूर्ण भूतकाळाचे ‘किसे’ हेच रूप योग्य होते. ‘सिएंप्रे फुए ओन्रादो’, म्हणजे ‘तो आयुष्यभर प्रामाणिक राहिला’, असे गेलेल्या माणसाविषयी म्हणतात, तिथेही तेच. स्पेनमध्ये हीच इच्छा बहुधा ‘सिएंप्रे ए केरिदो’ अशी पूर्ण वर्तमानात सांगितली जाईल. तेव्हा काळ कोणता हे ‘सिएंप्रे’ ठरवत नाही. बोलणारा त्या कालखंडाकडे आतून बघतो आहे की बाहेरून, यावर ते ठरते. पाठ्यपुस्तकांनी हा शब्द अपूर्ण भूतकाळाची ‘खूण’ म्हणून छापणे थांबवले तर शिकणाऱ्यांचे भलेच होईल.

बाकीचे शब्दसमूह मानाने सोपे निघाले. ‘पारा सिएंप्रे’ म्हणजे कायमचे. मराठीत ‘तो कायम उशिरा येतो’ आणि ‘तो कायमचा गेला’ यांतला फरक आपण ‘चा’ लावून दाखवतो, स्पॅनिश ‘पारा’ लावून दाखवते. ‘कोमो सिएंप्रे’ म्हणजे नेहमीप्रमाणे, आणि त्यात मराठीइतकाच टोमणा मारता येतो. शहरातल्या 18व्या शतकातल्या जलसेतूच्या 74 कमानींच्या कडेने चालत असताना रस्ता विचारला, तर एका गृहस्थांनी ‘सिगा सिएंप्रे देरेचो’ असे सांगितले. तिथे अर्थ ‘सरळ जात राहा’ असा, वारंवारतेचा नव्हे तर अखंडतेचा. रेआल आकादेमिया एस्पान्योला ही स्पॅनिशची भाषा-अकादमी 1713 साली स्थापन झाली. तिच्या कोशात या शब्दाचा ‘निदान’, ‘काही झाले तरी’ असाही अर्थ दिलेला आहे, आणि तो बोलण्यात ‘सिएंप्रे पुएदेस यामार्मे’ अशा धीर देणाऱ्या वाक्यांत भेटतो: काही अडले तर मला फोन आहेच की.

आणखी एक गोष्ट बोलण्याच्या ढंगाची. मराठी माणूस, विशेषतः कामाच्या ठिकाणी, ‘नेहमी’ जरा सढळ हाताने वापरतो: आम्ही नेहमी असेच करतो, ते नेहमी असेच पाठवतात. स्पॅनिशमध्ये हे जसेच्या तसे नेले की वाक्य छाती ठोकल्यासारखे वाटते आणि ऐकणारा लगेच अपवाद काढून दाखवतो. जिथे मराठीत ‘सहसा’ किंवा ‘करत असतो’ शोभेल, तिथे ‘सोलेर’ हे क्रियापद घ्यावे. ‘सुएलो येगार आ लास ओचो’, म्हणजे मी सहसा आठला पोचते. मेक्सिकोत याच जागी ‘नोर्माल्मेंते’ आणि ‘आकोस्तुंब्रो’ हेही पुष्कळ ऐकू येतात. ‘सोलेर’ची मला एक गंमत वाटते: या क्रियापदाला भविष्यकाळात जवळजवळ कोणी नेतच नाही, कारण सवय ही पुढची नसतेच. ‘कासी सिएंप्रे’ हाही चांगला मध्यम मार्ग आहे. लेखापरीक्षणाच्या वेळी तर तोच सुरक्षित.

इतके झाल्यावर ‘सिएंप्रे’चा माझा अभ्यास संपला असे मी धरले होते, आणि मेक्सिकोपुरता तो बहुतांशी संपलाही होता. पण स्पॅनिश सुमारे वीस देशांची अधिकृत भाषा आहे. कोलंबियातून आलेल्या एका पुरवठादाराच्या प्रतिनिधीला मी आमच्या कारखान्यापासून विमानतळ किती लांब आहे ते सांगत होते, तर ते मान हलवत म्हणाले, ‘केदा सिएंप्रे लेखोस.’ कोलंबियात याचा अर्थ ‘नेहमी लांब’ असा नसून ‘तसं बरंच लांब आहे’ असा होतो. त्यांच्याच शेजारी बसलेल्या आमच्या मेक्सिकन सहकाऱ्यानेही भुवया उंचावल्या, तेव्हा कुठे मला बरे वाटले. त्यानंतर आमच्या मालवाहतुकीच्या कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या होन्दुरासच्या एका चालकाने, मला बऱ्याच दिवसांनी फाटकावर पाहून विचारले, ‘¿सिएंप्रे त्राबाखा आकी, इन्खे?’ मध्य अमेरिकेत याचा अर्थ ‘अजून इथेच काम करता का?’ असा असतो. मी ‘सी, तोदाबिआ’ म्हटले; त्याने ‘आ, सिएंप्रे’ म्हणून मान डोलावली आणि ट्रक आत घेतला.

यावर मी सध्या काढलेला तोडगा असा. पुरवठादार कोणत्या देशाचा आहे हे पत्र लिहितानाच पाहायचे; एकच पत्र एकापेक्षा अधिक देशांना जाणार असेल तर ‘शेवटी’साठी ‘फिनाल्मेंते’, ‘अजून’साठी ‘तोदाबिआ’ आणि ‘बरेच’साठी ‘बास्तांते’ लिहायचे, आणि ‘सिएंप्रे’ फक्त सवयीच्या क्रियेसाठी राखून ठेवायचा. पुण्याहून नवीन कोणी येते तेव्हा त्याच्या हातात मी टक्क्यांचा तक्ता देत नाही. रेघा आणि वर्तुळे मारलेली ती जुनी सूचनापत्रके देते, आणि शनिवारच्या जेवणाचे आमंत्रण तोंडी करून, शुक्रवारी संध्याकाळी फोनवर ‘¿सिएंप्रे सी?’ एवढेच लिहून पाठवते.